स्वच्छ हात, मळके हात

कचरा डेपोच्या तळाशी झिरपणाऱ्या काळ्या पाण्याचा, म्हणजे लिचेटचा, नमुना काटेकोरपणे घ्यायचा तर दोन माणसे लागतात. पंप, झाकणे, बाहेरची पिशवी यांना हात लावायचा तो एकाने. दुसऱ्याने आतली पिशवी उघडून फक्त बाटली हाताळायची. या वाटणीला अमेरिकेत ‘स्वच्छ हात, मळके हात’ म्हणतात. तिचे मूळ मात्र दगडाच्या अभ्यासात आहे.

1940च्या दशकाअखेर शिकागो विद्यापीठात क्लेअर पॅटरसन झिरकॉनच्या कणांतले शिसे मोजत होते. सहकारी जॉर्ज टिल्टन यांचे युरेनियमचे आकडे जुळत. पॅटरसन यांचे शिसे मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरे. ते हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून येत होते. या वाटा एकेक करून बंद करण्यात त्यांची वर्षे गेली. पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे, हा त्यांचा 1956 सालचा निष्कर्ष त्या चिकाटीवर उभा आहे. त्या आकड्याइतकेच मोल मला त्यांच्या कोऱ्या नमुन्याचे वाटते: दगड न घालताच सगळी कृती करायची आणि तरीही किती शिसे निघते ते आधी मोजायचे.

पुढे ते समुद्राच्या पाण्यातले शिसे मोजू लागले. 1976 साली डोरोथी सेटल यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, शिशाचे कित्येक छापील आकडे नमुना घेताना आणि हाताळताना मिसळलेल्या शिशामुळेच अनेक पटींनी फुगले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1996च्या ‘पद्धत 1669’मध्ये दोन हातांची वाटणी रीतसर आली. बाटल्यांसाठी तिथे टेफ्लॉनच्या कुळातले प्लास्टिक उत्तम मानले होते, कारण त्यातून धातू पाण्यात उतरत नाहीत.

मग पीएफएएस रसायनांचा प्रश्न पुढे आला आणि नेमके टेफ्लॉनच वर्ज्य ठरले, कारण ते याच रसायनांचे भावंड. डाग न धरणारे गालिचे, तेल न शोषणारे कागद, पाणी न धरणारे कपडे डेपोत पडतात आणि त्यांतली ही रसायने लिचेटमध्ये उतरतात. याच संस्थेच्या जानेवारी 2024च्या ‘पद्धत 1633’मध्ये अशी 40 संयुगे मोजायची सोय आहे, लिचेटमध्येसुद्धा. नमुना घेणाऱ्याने जलरोधक जाकीटही घालायचे नाही. बाटली साध्या पॉलिथिलीनची.

एवढी काळजी का, हे एका थेंबाच्या हिशेबात दिसते. समजा, लिचेटमध्ये याच रसायनांपैकी एक, पीएफओए, लिटरमागे 5,000 नॅनोग्रॅम आहे. त्याचा 0.05 मिलीलिटरचा थेंब विहिरीच्या पाव लिटर पाण्यात पडला, तर लिटरमागे 1 नॅनोग्रॅम वाढतो. अमेरिकेने 2024 साली पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा आहे 4. म्हणून आधी डेपोच्या वरच्या अंगाची विहीर, मग खालच्या अंगाची, लिचेट सर्वांत शेवटी. शिवाय जागेवरच शुद्ध पाणी एका बाटलीत ओतून तीही प्रयोगशाळेत पाठवायची. त्या बाटलीत काही सापडले नाही, तरच डेपोखालच्या गावाला आपल्या विहिरीचा आकडा सुनावणीत ठामपणे मांडता येतो.