बिल्टीवर क्लीनरचं नाव नाही

मुंबईत मशीद बंदरला जुन्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या पेढ्या. पाटी कंपनीची, गाडी पुष्कळदा भाड्याची. बिल्टीवर पाठवणारा, घेणारा, गाडीचा नंबर. क्लीनर कुठंच नाही. कसारा घाटात गाडी थांबली की चाकामागं दगड लावायला आधी उतरायचा तोच.

१९६१ ला मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण मेख बघा: तो कायदा ५ कामगारांपासून पुढं लागू होता. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले चारच. मालक सुटला!

माल चढवणाऱ्या हमालांनी झगडून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. क्लीनर मात्र गाडीगणिक एकटा, रात्रभर रस्त्यावर. त्याची युनियन कुठं बांधणार? मित्रांनो, वस्तीतल्या जुन्या ड्रायव्हर-क्लीनरांजवळ वही घेऊन बसा. भत्ता किती ठरला, हातात किती पडला, तेही लिहा.