व्हिस्की, काळी कॉफी आणि डायबेटिस

१९१५ साली बोस्टनमध्ये लुईस वेब हिल आणि रीना एकमन यांचं एक छोटं पुस्तक निघालं, ‘द स्टार्व्हेशन ट्रीटमेंट ऑफ डायबेटिस’. नावातच सगळं आलं. इन्सुलिन अजून हाती लागलं नव्हतं. रुग्णाला उपाशी ठेवलं की लघवीतली साखर जाते, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी दाखवलं होतं. मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये या उपाशी माणसाला काय द्यायचे? सकाळी ७ ते संध्याकाळी ७, दर दोन तासांनी एक औंस व्हिस्की, काळ्या कॉफीतून. दिवसाला साधारण २०० मिली. जेवण नाहीच.

म्हणजे दारू डायबेटिसवरचं औषध होती का? अजिबात नाही. व्हिस्की हा उपचाराचा आवश्यक भाग नाही, थोड्या कॅलरी मिळतात आणि उपास जरा सुसह्य होतो, असं त्या पुस्तकातच लिहिलंय. ज्यांना नको त्यांना मांसाचं पातळ सूप. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि उपासमारीचा हा उपचार मागे पडत गेला.

दारूची चांगली कीर्ती मात्र दुसऱ्या वाटेने परत आली. ‘रोज एक पेग हार्टला बरा, शुगरलाही बरा’ असं सांगणारे एक काका आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. काकांनी हे मनाने रचलेलं नाही, बरं का. अमेरिकेत दारूबंदी चालू असतानाच, १९२६ मध्ये, रेमंड पर्ल यांनी बाल्टिमोरच्या कामगार कुटुंबांची आकडेवारी मांडली होती: बेताने पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत, झालंच तर किंचित जास्त जगतात. पुढे अनेक अभ्यासांत हाच आलेख निघाला, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा. न पिणाऱ्यांना थोडा जास्त धोका, बेताने पिणाऱ्यांना सगळ्यात कमी, आणि मग चढतच जाणारा. १९९१ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने ‘फ्रेंच पॅरडॉक्स’ घरोघरी नेला आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप वाढला. वाइन विकणाऱ्यांना आणखी काय हवं?

पण न पिणारे म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्याआधीच विचारून झाला होता. १९८८ मध्ये जेराल्ड शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या २४ गावांतल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांची माहिती तपासली. न पिणाऱ्यांच्या रांगेत कितीतरी जण असे होते, की ते आधी प्यायचे आणि तब्येत बिघडल्यावर सोडलेली. त्यांच्याशी तुलना केली तर रोज एक ग्लास घेणारा माणूस ठणठणीत दिसणारच! त्यात पिणाऱ्याच्या ग्लासाचा हात किती? मला विचाराल तर या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो साधा असूनही तिथवर पोचायला साठ वर्षं लागली.

डायबेटिसचं काय? २०१५ मध्ये लंडनच्या क्रेग नॉट, स्टीव्हन बेल आणि अ‍ॅनी ब्रिटन यांनी ३८ अभ्यास एकत्र केले, जवळपास १९ लाख माणसांचे. वरवर पाहता दिवसाला १० ते १४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे अमेरिकेत एक ड्रिंक धरतात साधारण तेवढं, घेणाऱ्यांना टाइप २ चा धोका १८ टक्के कमी. काका जिंकले? थांबा. गट वेगळे करून पाहिल्यावर हा फायदा फक्त बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये नाही. ज्या अभ्यासांनी ‘आयुष्यात कधीच न प्यालेले’ लोक तुलनेला घेतले होते, तिथे तो दिसला नाही. आणि आशियातल्या अभ्यासांतही नाही.

या ‘आशियाई’ शब्दाने लगेच हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. त्यात मुख्यतः जपान-कोरियासारखे देश आहेत, आपण नाही. पण युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांचा आलेख उचलून आपल्या अंगाला लावायचा, याला तर काहीच आधार नाही. त्यात आपल्याकडे डायबेटिस लवकर होतो, कमी वजनावर होतो.

आणि ज्यांना तो आधीच झालाय त्यांच्यासाठी ती १९१५ ची व्हिस्की वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. उपाशी पोटी रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं. अल्कोहोल आलं की लिव्हर आधी त्याच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. उपाशी रुग्णाची साखर खाली आणायचीच होती तेव्हा हे चालून गेलं. आज इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस न जेवता दोन पेग मारून झोपला, तर साखर पहाटेपर्यंत कधीही घसरू शकते. घाम, अडखळती जीभ, झोकांड्या. पार्टीतल्या मित्रांना वाटतं, याला चढलीये.