सांगणारा, लिहिणारा आणि मथळा



बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो. त्याला आपण लेखनिक म्हणतो. इतिहासात सांगणाऱ्याचे नाव राहते, क्वचित लिहिणाऱ्याचेही राहते. पण लिहिताना त्याने कोणते निर्णय घेतले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः दोन निर्णय त्याला पदोपदी घ्यावे लागतात. ऐकलेले नीट उमगले नाही तर काय लिहावयाचे, हा पहिला. उमगलेले कोणत्या मथळ्याखाली घालावयाचे, हा दुसरा. मी पंडित नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचले, त्याच्याच आधारे या दोन निर्णयांचा इतिहास आपणांपुढे ठेवतो.

त्यासाठी वऱ्हाडच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम म्हाइंभटांनी याच गावी आरंभिले. नागदेवाचार्यांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असा क्रम होता. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले ते लीळाचरित्र मराठी गद्याचा पाया मानले जाते. परंतु म्हाइंभट एका तोंडावर विसंबले नाहीत. ज्या माणसाच्या संबंधात एखादी गोष्ट घडली होती, त्या माणसाकडे जाऊन त्यांनी ती पडताळून पाहिली. सांगणारा कितीही थोर असला तरी त्याच्या स्मरणाला साक्ष हवी, ही बुद्धी सातशे वर्षांपूर्वी आपल्या या मातीत होती!

पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी नष्ट झाली आणि निरनिराळ्या शिष्यांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ जुळेनात. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. या पोथ्यांच्या लेखकांनी तसे केले नाही. निराळी परंपरा असेल तेथे ‘वासना’, निराळी माहिती मिळाली असेल तेथे ‘शोधु’, अशा खुणा करून त्यांनी तो भेद जागच्या जागी नोंदविला. संशय झाकून ठेवण्यापेक्षा तो वाचकाच्या हाती देणे, हा लेखनिकाचा पहिला धर्म होय.

आता मथळ्याकडे वळू. लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत, आणि प्रत्येक लीळेला स्वतःचे नाव आहे. नंतर केसोबासांनी स्वामींची वचने प्रसंगांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला आणि आचार, विचार, महावाक्य, उद्धरण अशा प्रकरणांत ती बसविली. अभ्यासकांची फार मोठी सोय झाली. पण वचन प्रसंगापासून सुटले, की ते कोणाला उद्देशून आणि कशावरून बोलले गेले, हे कळेनासे होते. म्हणून पुढे ‘प्रकरणवश’ या नावाने प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे निराळे लेखन करावे लागले. तात्पर्य, मथळा वस्तू हाताशी आणतो. पण तिच्या भोवतीचे काहीतरी तो तोडूनही टाकतो.

वैद्यकाची गोष्ट निराळी नाही. चरकसंहितेत उपदेश आत्रेयांचा, ग्रंथरचना अग्निवेशाची, संस्कार चरकाचा आणि अपुरा राहिलेला भाग पूर्ण करणारा दृढबल. चौघांचे हात लागले, तरी सूत्रस्थान, निदानस्थान, चिकित्सास्थान अशी आठ स्थानांची मांडणी असल्यामुळे वैद्याला हवे ते हवे तेथे सापडते.

हीच परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात एका नव्या धंद्याच्या रूपाने आली. अमेरिकेतील डॉक्टरने रोग्याला तपासून यंत्रात बोलावे आणि भारतातील मुलामुलींनी कानाला यंत्र लावून ते टंकावे. मजुरी पुष्कळ ठिकाणी ओळींवर. डॉक्टर घाईत बोलतो, मध्येच खोकतो, शब्द गिळतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत ऐकताना केवढे अंतर? पण औषधाच्या मात्रेत ते तिपटीहून अधिक असते. हायड्रॅलझीन रक्तदाब उतरविते, हायड्रॉक्सिझीन खाजेवर देतात. कानाला दोन्ही सख्खी भावंडे. म्हणून या धंद्यातला शहाणा नियम असा, की मागचे-पुढचे वाक्य, रोग्याचे निदान आणि मात्रा यांवरून शब्दाचा शोध घ्यावा. तरीही खात्री होत नसेल तर जागा कोरी सोडावी, ध्वनिफितीतील वेळ नोंदवावी आणि डॉक्टरला विचारावे. हा रिद्धपूरचाच ‘शोधु’ नव्हे काय? मात्र ज्याला ओळींवर मजुरी मिळते, त्याची कोरी जागा धन्याला खुपते. ज्या व्यवस्थेत ‘मला कळले नाही’ असे म्हणणाऱ्याचे पैसे कापले जातात, तेथे अंदाजाने लिहिण्याची सवय लागल्यावाचून राहत नाही. आता ऐकून लिहिणारी यंत्रे आली आहेत आणि माणसाकडे दुरुस्ती उरली आहे. यंत्र तर चुकीचा शब्दही तितक्याच ठामपणे लिहिते. म्हणून संशय घेणाऱ्या माणसाची किंमत वाढली पाहिजे, कमी होता कामा नये.

वैद्यकीय टिपणाच्या मथळ्यांना नवे वळण दिले ते डॉ. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यांनी रोग्याच्या एकेका समस्येनुसार नोंद ठेवण्याची पद्धत मांडली. रोगी सांगतो ते, डॉक्टरला आढळते ते, त्यावरून निष्कर्ष आणि पुढची योजना, असे चार कप्पे तीतून रूढ झाले. यातला पहिला कप्पा मला मोलाचा वाटतो. कारण तेथे रोग्याच्या शब्दाला स्वतंत्र आसन मिळते.

पण त्या आसनावर बसून कामगाराने काय सांगावे, हे त्याला कोणी विचारले तर ना! इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसने रोग्याला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नांत त्याने आणखी एकाची भर घातली: तू काम काय करतोस? एवढ्या एका प्रश्नाने वैद्यकात एक नवा मथळा जन्माला आला.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अकोला, बडनेरा, अमरावती येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा छातीचा रोग होतो. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते. कामगार म्हणतो, “सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लय दम लागते.” कागदावर ‘व्यवसाय’ हा मथळाच नसेल, तर या वाक्यातला दम तेवढा लिहिला जातो आणि सुट्टी गळून पडते. उरतो साधा दमा. बिसिनोसिसला १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगाचे स्थान मिळाले होते. परंतु त्याच कायद्याने निव्वळ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने ‘हंगामी’ या मथळ्याखाली घालून बाहेर ठेवले होते. एका मथळ्याने दिले ते दुसऱ्याने काढून घेतले!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपीन चालते. प्रत्येक कीटकनाशकावर ते चालत नाही. तेव्हा ‘काय फवारले, कशात मिसळले, किती तास?’ हा मथळा म्हणजे उपचाराची पहिली पायरी होय.

म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे. दवाखान्याचा कागद हातात पडला, की औषधांच्या नावांपाशी थांबू नका. आपले काम त्यात लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर लिहावयास सांगा. आणि जो लेखनिक ‘हे मला नीट ऐकू आले नाही’ म्हणून पुन्हा विचारतो, त्याच्यावर चिडू नका. म्हाइंभटांनीही पुन्हा पुन्हा विचारले होते. त्यांच्या त्या विचारण्यातूनच मराठीला आपले पहिले मोठे गद्य मिळाले.