हाली की कलदार? मराठवाड्यातील घरगुती बचतीचा विसरलेला पेच

काटकसरीच्या कथा एका गृहीतावर उभ्या असतात : रुपया वाचवला की रुपया उरतो. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी नांदेड-लातूर भागात मात्र गृहिणीला त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागे. वाचवायचा तो कोणता रुपया?

हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) बहुतेक संस्थानांनी ब्रिटिश नाणे स्वीकारले, तरी हैदराबादने आपली टांकसाळ सोडली नाही. संस्थानी रुपया तो ‘हाली’ आणि ब्रिटिशांचा तो ‘कलदार’. १०० कलदार हवे असतील, तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सात हालीला सहा कलदार.

हा दर समजून घ्यायचा तर नाणे तराजूत घालावे. युद्धापूर्वीचा उस्मानिया रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी ८१.८ टक्के. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. शुद्ध चांदी पाहिली तर एकात सुमारे ९.१४ ग्रॅम, दुसऱ्यात १०.६९. भागाकार करा : ०.८५५. आणि सहा भागिले सात म्हणजे ०.८५७. सरकारी कागदावरचा दर आणि सराफाचा तराजू जवळजवळ एकच गोष्ट सांगत होते.

व्यापाऱ्याला हे दुहेरी गणित अंगवळणी पडलेले असे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोहोचली आणि येथील शेतमालाला ब्रिटिश हद्दीतील बार्शीची थेट वाट मिळाली. तिकडे व्यवहार कलदारचा. घरातल्या बाईच्या हाती मात्र येई तो हाली, आणि सीमेपलीकडे काही घ्यायचे तर मधे सराफाचा बट्टा उभा.

म्हणून बचतीचा क्रम काय असे, तो पाहण्याजोगा आहे. आधी पेवातली किंवा कणगीतली ज्वारी. मग अंगावरची चांदी : गोठ, तोडे, वाळे. त्यानंतर उतरंडीतल्या एखाद्या गाडग्यात दडवलेली नाणी. नोट सर्वांत शेवटी. हैदराबादने कागदी चलन १९१८ मध्ये आणले, तेही पहिल्या महायुद्धातील चांदीटंचाईमुळे. आणि कागदाला वाळवी लागते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. दागिन्यांत पैसा गुंतवणाऱ्या या बायकांना पुढे पुष्कळांनी हौशी ठरवले. मला ते अन्यायाचे वाटते. गोठाची चांदी लातुरात आणि बार्शीत सारखीच भरे. दोन चलनांच्या सीमेवर राहणाऱ्या घराने याहून शहाणी बचत ती कोणती करायची होती?

या शहाणपणाची खरी परीक्षा १९४७ च्या अखेरीस झाली. २९ नोव्हेंबरला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, आणि लवकरच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले, दुसऱ्याने भारतीय चलन राज्यातील व्यवहारांतून बाद केले. याच काळात रझाकारांच्या भीतीने असंख्य कुटुंबे घरदार सोडून बार्शी, उमरखेड अशा सीमेपलीकडच्या गावांकडे निघाली होती. आता त्यांची कोंडी पाहा : ज्वारीचे पेव उचलून नेता येत नाही, चांदी नेण्यावर निर्बंध, आणि गाडग्यातला हाली पलीकडे पोहोचताच परका. पिढ्यांची काटकसर दोन कागदांनी जागीच अडवली होती.

बँकेचा आधारही ताजाच होता. हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज १९४२ मध्ये सुरू झाले आणि संस्थानी चलन सांभाळणे हे तिचे एक मुख्य काम होते. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील तिची शाखा जानेवारी १९४८ च्या अखेरीस उमरखेड कॅम्पच्या स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली. तो एका वेगळ्या लेखनाचा विषय आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, पण हाली लगेच गेला नाही. १९५१ मध्ये त्याचे नवे चलन थांबले. कायद्याने तो बाद झाला १९५९ मध्ये. बदलाचा दर तोच, सातास सहा. कागदावर कोणाचे काही बुडाले नाही. तरीही पै-पै करून जमवलेले शंभर रुपये देऊन ८५ रुपये ११ आणे ५ पै हाती घेताना घरात काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करावी. त्यातच १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले आणि एक आणा सव्वासहा पैशांचा ठरला. ज्या बाईने हालीत बचत सुरू केली, तिने एका दशकात आपला हिशेब दोनदा मुळापासून नव्याने मांडला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेकींनी तो तोंडी मांडला, हेही ध्यानात असू द्या.

नांदेड-लातूरकडच्या कोणाच्या देवघरात लक्ष्मीपूजनाच्या डब्यात चारमिनारचे चित्र असलेला रुपया असेल, तर त्यावरचे साल पाहा. ते हिजरी आहे. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना विचारा, तो बदलून न घेता का ठेवला?