किण्वाशी झुंज

१९४०च्या दशकात पेनिसिलिनादी औषधे रुग्णालयांत आली आणि जंतूंचा पराभव झाला खरा. पण त्या विजयाने एका जुन्या शत्रूला मोकळे रान मिळाले. शरीरातील जंतू मरताच त्यांच्या शेजारी निमूटपणे नांदणारे कॅन्डिडा नावाचे किण्व, म्हणजे यीस्ट, माजू लागले. त्यावर औषध शोधणे अवघड होते. कारण किण्वपेशीची घडण माणसाच्या पेशीशी जवळचे नाते सांगते. जे विष तिला मारील ते रुग्णालाही बाधण्याची भीती.

हे कोडे प्रथम सोडवले ते दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतील सूक्ष्मजीव वाढवीत आणि त्यांतील गुणकारी वाटतील ते बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला रेचल ब्राउन यांच्याकडे धाडीत. ब्राउन त्यांतील द्रव्य वेगळे करून परत पाठवीत. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतून मिळालेले औषध १९५० साली जाहीर झाले. न्यूयॉर्क राज्यावरून त्याचे नाव पडले निस्टॅटिन. किण्वाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, तर आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला जाऊन भिडते आणि पटल गळू लागते. या शोधाचे स्वामित्वधन एक कोटी डॉलरांहून अधिक झाले. दोघींनी ते विज्ञानकार्याला अर्पण केले.

परंतु निस्टॅटिन रक्तात देता येत नाही. ती उणीव १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये सिद्ध झालेल्या फ्लुकोनॅझोलने भरून काढली. अर्गोस्टेरॉल घडविणारे विकरच ते बंद पाडते. हे औषध पेशीत शिरते कसे? किण्व त्यासाठी ऊर्जा खर्चीत नाही. औषध वाहकाच्या आधाराने आपोआप आत येते, असे २०१० साली संशोधकांनी दाखविले. ते बाहेर फेकण्यास मात्र पेशीला ऊर्जा वेचावी लागते.

येथेच खरी मेख आहे. फ्लुकोनॅझोल कॅन्डिडाला सहसा मारीत नाही, केवळ वाढ रोखते. दीर्घकाळ औषध चालू राहिले, की ज्या पेशींत विकराचा आकार योगायोगाने बदलला किंवा बाहेर फेकणारे पंप वाढले, त्याच मागे उरतात. १९९०च्या दशकात एड्सच्या रुग्णांत हे ठळकपणे दिसले. पुढे २००९ साली जपानमध्ये कॅन्डिडा ऑरिस ओळखले गेले आणि २०१३ साली दिल्लीतील रुग्णांत त्याचा फ्लुकोनॅझोलला न जुमानणारा वाण नोंदविला गेला.

औषध किण्वाला ही विद्या शिकवीत नाही; ती असलेल्यांची निवड तेवढी करते. म्हणून औषध योग्य रोगावर, योग्य मात्रेत आणि योग्य काळच घ्यावे. दोघींनी मातीतून मिळविलेले धन आपण निष्काळजीपणाने मातीमोल करू नये.