पश्मी म्हणजे काय?

मुधोळ हाउंड हे नाव आपल्याला माहीत असतं. २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. पण मराठवाड्यात या सडपातळ शिकारी कुत्र्याला म्हणतात कारवानी, आणि कानाशेपटीवर लांब मऊ केस असले तर पश्मी.

दोन्ही शब्द फारसीतले. कारवान म्हणजे प्रवाशांचा तांडा. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच!

यात नवल कसलं? बीडजवळच्या नेकनूरचंच नाव बघा ना: नेक फारसी, नूर अरबी. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं.

मुधोळ हे एका संस्थानाचं नाव. तांड्यांबरोबर आलेला कुत्रा ही लोकांची आठवण मात्र 'कारवानी'तच आहे. तिकिटावर नसलं तरी ते नाव टिकावं, असं मला वाटतं.