शंभर युनिट आणि आजीचा पंखा

आजचा भाग विजेच्या बिलावर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. बिल भरा, दिवे बंद करा, असलं काही सांगणार नाहीये. बिल असं का दिसतं, हा चक्क दीडशे वर्षांच्या भांडणाचा विषय आहे. आणि त्यात माझ्या आजीचा एक पंखासुद्धा आहे.

आधी पंखा. आमचं घर मुंबईच्या उपनगरात, दोन खोल्यांचं. मी सातवीत होतो. मे महिन्यात आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत एका पंख्याखाली झोपायचो आणि आजी आतल्या खोलीत. तिच्या डोक्यावरही पंखा होता. पण महिना संपत आला की ती तो स्वतःच बंद करायची आणि पेपरची घडी करून वारा घेत पडायची. विचारलं तर म्हणायची, "शंभर झाले की सगळंच महाग होतं रे." घरात कोणीच तिला अडवलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना तेच खरं वाटत होतं.

आता मागे जाऊ. ४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीज केंद्र सुरू झालं. सुरुवातीला साधारण चारशे दिवे. पण वीज मोजायची कशी? एडिसनच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असायच्या. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. महिन्याने माणूस येऊन पट्ट्या काढून न्यायचा, त्यांचं वजन करायचा आणि त्यावरून बिल काढायचा. ग्राहकाला यातलं ओ की ठो कळायचं नाही. मीटर वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे, हे तिथून लक्षात येतं. पुढे १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीने चकतीचं मीटर केलं. आपल्या जुन्या घरांत फिरणारी ती काळी खूण असलेली चकती आठवते ना? ती याच घराण्यातली.

मोजायचं कळलं. मग प्रश्न आला दर कसा लावायचा. इथे जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १८९२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. विजेचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक जळणाचा, तो तुम्ही जितकी वीज वापराल तितका. दुसरा यंत्रं आणि तारांचा, तो तुम्ही एकही दिवा लावला नाहीत तरी चालूच. कारण तुम्ही रात्री आठ वाजता सगळं एकदम लावाल, म्हणून कंपनीला तेवढी तयारी आधीच ठेवावी लागते. म्हणून बिलाचेही दोन भाग हवेत. आज आपल्या बिलावर 'स्थिर आकार' आणि 'वीज आकार' वेगळे दिसतात, त्याचं मूळ हे. आम्ही सर्व्हर भाड्याने घेतो तिथेही हेच असतं: जागा राखून ठेवल्याचे पैसे वेगळे, वापराचे वेगळे.

१८९४ मध्ये शिकागोच्या कंपनीचा प्रमुख सॅम्युअल इन्सल इंग्लंडमधल्या ब्रायटनला गेला होता. बंद दुकानांतही दिवे जळताना बघून तो चक्रावला. चौकशी केली तर कळलं की तिथे आर्थर राइटने एक मीटर केलंय, जे ग्राहकाची एका वेळची सर्वांत जास्त मागणीही नोंदवतं. ठरावीक तास वापर झाला की पुढची वीज स्वस्त. इन्सलने ती कल्पना अमेरिकेत नेली. म्हणजे तेव्हाचा मंत्र होता, जास्त वापरा, स्वस्त पडेल.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. घरगुती ग्राहकाला पहिली शंभर युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्यापुढे आणखी. जितकं जास्त, तितकं महाग. विचार असा की कमी वापरणाऱ्याच्या घरातला दिवा परवडला पाहिजे आणि जास्त वापरणाऱ्याने थोडा भार उचलावा. हेच ते स्लॅब, आणि आजीची चूक इथेच होती. एकशे एकावं युनिट पडलं म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. स्लॅब बदलल्यावर स्थिर आकारात लहानसा फरक पडू शकतो, तेवढं सोडा.

हिशेब करू. दर माझे, सोपे करून घेतलेले. पहिली शंभर तीन रुपयांनी, पुढची आठ रुपयांनी. ७५ वॉटचा पंखा रोज आठ तास, म्हणजे महिन्याला १८ युनिट. घराचा बाकी वापर ९५. बिल २८५ रुपये. पंखा लावला तर ११३ युनिट. आम्हाला वाटायचं, ११३ गुणिले आठ, ९०४ रुपये! खरं बिल किती? ३०० अधिक १३ गुणिले आठ, म्हणजे ४०४. फरक ११९ रुपयांचा. तोही महिनाभर रात्री वारा घेऊन. तेव्हा ११९ रुपये आम्हाला लहान नव्हते. पण ६१९ च्या भीतीने पंखा बंद होता.

आता मुंबईचा एक खास प्रसंग. बहुतेक भारतात वीज कंपनी निवडता येत नाही. पण २००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात दोन परवान्यांची सोय आहे. ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांनाही वीज देता येईल असं सांगितलं आणि २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली: तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची. याला चेंजओव्हर म्हणायचे. एकदम उपनगरातल्या प्रत्येक घरासमोर प्रश्न, आपल्याला कोण स्वस्त? आणि त्याचं उत्तर जाहिरातीत नव्हतं, ते तुमच्या वापरात होतं.

आमच्या बाबांनी बारा बिलं काढली, बेरीज केली, बाराने भागलं. सगळे हेच करतात. पण सरासरी इथे फसवते. बघा हं, पुन्हा माझे कल्पित दर. 'अ' योजना: पहिली शंभर तीनने, पुढची आठने. 'ब' योजना: पहिली शंभर चारने, पुढची सहाने. एका घरात आठ महिने ८० युनिट आणि एसीचे चार महिने २६०. सरासरी १४०. सरासरीने 'अ' चे वर्षाचे ७४४० आणि 'ब' चे ७६८०, म्हणजे 'अ' घ्या. आता महिन्यामहिन्याने करा. 'अ' चे होतात ८२४० आणि 'ब' चे ८०००. निर्णय उलटला! कारण स्लॅब दर महिन्याला नव्याने सुरू होतो. जानेवारीत न वापरलेली स्वस्त युनिट मे महिन्यात मिळत नाहीत.

आणि आता खेळ पुन्हा बदलतोय. ब्रिटनमध्ये १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' आहे: रात्रीचे सात तास स्वस्त. आपल्याकडे रात्र नाही, दुपार स्वस्त होणार, कारण सौर वीज दुपारी मुबलक असते. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत स्मार्ट मीटर असलेल्या घरांनाही वेळेनुसार दर लावायचं ठरलं. म्हणजे आता 'किती' सोबत 'केव्हा' हेही विचारायचं. वॉशिंग मशीन दुपारी लावता येईल. पण दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांचं काय? संध्याकाळी सातला थकून आलेल्या माणसाचा पंखा दुपारी सरकवता येत नाही. हा प्रश्न हिशेबाने सुटणारा नाही, तो धोरण ठरवणाऱ्यांना विचारायला हवा.

तोवर एक काम करा. मागच्या बारा महिन्यांची बिलं उघडा आणि बारा वेगवेगळे आकडे लिहा. सरासरी काढू नका. मग घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून स्लॅब समजावून सांगा. मी ते शिकलो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आजी तोवर गेली होती.

भेटू पुढच्या भागात. पंखा चालू ठेवा.